दुसरा तक्ता

धाकटा साठीला टेकला तरी धाकटाच राहिला. थोरली होती ना डोक्यावर. चष्म्याच्या त्या दुकानात दर्शनी बाजूला ताई बसायची आणि मागे, प्लायवूडच्या आडोशापलीकडे, तो. ती नंबर काढायची, तो काचा घासायचा. गिऱ्हाईक आत आलं की विचारायचं, "ताई आहेत का?" धाकटा आहे का, असं आजवर कोणी विचारलं नव्हतं, आणि त्याबद्दल त्याची तक्रारही नव्हती. ज्याला कोणी विचारत नाही त्याला कुठे जावंही लागत नाही, एवढा साधा त्याचा विचार होता.

नंबर काढायची खोली म्हणजे खोलीच्या नावाखाली एक बोळ होता. अक्षरांचा तक्ता जितक्या लांबून वाचायला हवा तितकी जागा तिथे नव्हतीच. म्हणून त्यांच्या वडिलांनी तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागच्या भिंतीवर लावला होता, उलट्या अक्षरांचा, आणि समोर मोठा आरसा. आरशात अक्षरं सुलटी दिसायची आणि लांबही वाटायची. अक्षरांबरोबर गिऱ्हाइकाला स्वतःचं ध्यानही दिसायचं, नाकावर चाचणीची लोखंडी फ्रेम चढवलेलं. आपण असे दिसतो हे कळलं की माणूस जरा ताठ बसतो. आणि मग खोटं बोलायला लागतो.

हो, खोटंच. डोळे तपासायला आलेली माणसं जेवढी खोटं बोलतात तेवढी पोलिसांपुढेही बोलत नसतील. बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या आधीच्या माणसाचं वाचन कानावर पडतं, अक्षरं पाठ होतात. मग आपली पाळी आली की डोळे बारीक करून सगळ्यात खालची ओळ घडाघडा. यात कोणाला काही मिळत नाही. उलट चुकीचा चष्मा गळ्यात पडतो, आणि तो घालून पायऱ्यांवर धडपडायला होतं. पण दिसत नाही असं म्हणायची लाज वाटते माणसाला, त्याला कोण काय करणार!

ताईला हे आवाजावरून कळायचं. खरंच वाचणारा अडखळतो, परत मागे येतो, "हे गोल आहे, पण खाली उघडं आहे का?" असं काहीतरी विचारतो. पाठ म्हणणारा एका सुरात म्हणतो. तो सूर लागला की ताई आडोशापलीकडे हाक मारायची, "धाकट्या, दुसरा तक्ता!" मग हा ओले हात पुसत यायचा आणि भिंतीवरचा तक्ता उलटून टांगायचा. त्याच्या मागच्या बाजूला निराळी अक्षरं होती. गिऱ्हाईक एकदम गप्प. ताई हसायची नाही, टोमणा मारायची नाही. पुढे वाकून त्याच्या कानावरची फ्रेम सरळ करायची आणि म्हणायची, "नाही दिसलं तरी चालतं हो. म्हणून तर आपण बसलोय."

हे वाक्य धाकट्याने मशीनच्या घरघरीतून इतक्या वेळा ऐकलं होतं की ते त्याला ऐकूच येईनासं झालं होतं.

आता त्याच्या भीतीबद्दल. धाकट्याला मरणाची भीती वाटायची. ती सगळ्यांनाच वाटते, पण लोक ती कुठेतरी ठेवून देतात आणि कामाला लागतात. याला ती ठेवायला जागाच सापडली नव्हती. दुखण्याला तो घाबरत नसे. दाढ काढतानाही मुकाट्याने तोंड उघडून बसायचा. भीती होती ती नंतरची. भर दुपारी, काच मशीनवर धरलेली असताना, ती यायची. पोटात गोळा उठायचा. आपण नसू. ही मशीन असेल, बाहेर कोणीतरी फ्रेमच्या रंगावरून घासाघीस करत असेल, आणि आपण नसू. आणि आपण नाही हे आपल्याला कळणारही नाही. किंवा कळेल, आणि ते कळतच राहील. पहिलं बरं की दुसरं? ताई भिंग बदलून बदलून गिऱ्हाइकांना विचारायची तसं तो स्वतःला विचारायचा, आणि उत्तर यायचं नाही.

त्याने विचारून पाहिलं होतं लोकांना, आडून आडून. पुढे काहीतरी आहेच असं छातीठोकपणे सांगणारे भेटले, काही नाही असं तितक्याच ठणकावून सांगणारेही भेटले. दोघांचा सूर त्याला एकच वाटला.

तो तरुण असताना वडील गेले, दुकानाच्या वरच्याच खोलीत. सगळे वर होते. धाकटा खाली गल्ल्यावर उभा होता. "दुकान उघडं ठेवायला कोणीतरी हवं ना," असं तो म्हणाला, आणि लोकांनी त्याचं कौतुक केलं. केवढा धीराचा मुलगा म्हणाले! मग आई गेली, तेव्हाही तो काचा घासत होता. मग दाजी गेले, ताईचे यजमान, तेही वरच्याच खोलीत. ताई एकटी त्यांच्या उशाशी बसली होती आणि हा खाली एका शाळकरी मुलीच्या चष्म्याला नाकपट्ट्या बसवत होता. ताईने याबद्दल त्याला कधी एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं, असं त्याला कधी कधी वाटायचं.

मग ताईची पाळी आली. पोटात गाठ निघाली, आणि ती निघाली तेव्हा तिने बरेच हातपाय पसरलेले होते. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा धाकटा ताईशेजारच्या खुर्चीत होता. आता पायाखालची जमीन सरकणार म्हणून त्याने खुर्चीचा हात घट्ट धरला. जमीन काही सरकली नाही. त्याला काहीच झालं नाही. भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र होतं, ते त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. डॉक्टरांच्या चष्म्याची डावी दांडी वर उचलली गेली होती, तेही त्याला दिसलं.

"तुमची डावी दांडी वर गेलीय," ताई डॉक्टरांना म्हणाली. "केव्हापासून बघतेय. दुकानात या, हा सरळ करून देईल."

डॉक्टरांनी चष्मा काढून हातात घेतला आणि परत घातला.

घरी येताना बहीण-भाऊ दुकानाच्या कामाबद्दलच बोलत राहिले. काचांचा पुरवठा करणारा हल्ली उशीर करतो, आरशाच्या खालच्या कोपऱ्यातला पारा उडत चाललाय, असं काहीबाही. धाकटा मनात चाचपून बघत होता. रडू नव्हतं, भीतीही नव्हती. दाढेचा डॉक्टर सुई टोचून बाहेर जातो तेव्हा गालाला बोट लावून बघतात तसं तो स्वतःला बोट लावून बघत होता. गाल आहे, पण आपला नाही. ही बधिरता वाईट, असं त्याला वाटायला हवं होतं. त्याला ती सोयीची वाटली.

पुढचे महिने तो त्या सोयीत राहिला. नंबर तपासणी बंद झाली. लोक दवाखान्यातून नंबर लिहून आणायचे आणि हा काचा बसवून द्यायचा. हात चालत होते. एकदा उजवी काच डावीकडे बसवली आणि गिऱ्हाईक घेरी येते म्हणून परत आलं, तेवढीच काय ती चूक. वर ताई पलंगावर असायची आणि तिचं सगळं धाकट्याची बायको बघायची. आंघोळ, औषधं, पातळ खिमट, चादरी. ती जिन्यावरून हाक मारायची, "अहो, जरा वर येऊन बसा त्यांच्याजवळ."

"आलोच."

"तुमचं हे आलोच ऐकता ऐकता मी म्हातारी झाले," बायको म्हणायची, आणि त्यात चेष्टा किती आणि राग किती हे तिचं तिलाच ठाऊक.

वर जायला त्याने एक निमित्त मात्र शोधलं होतं. ताईचा चेहरा सुकत चालला तसा तिचा चष्मा ढिला पडायला लागला. नाकावरून घसरून पार ओठांवर यायचा. मग हा वर जायचा, चष्मा काढून खाली आणायचा, गरम हवेवर दांड्या धरून आत वळवायचा, नाकपट्ट्या जवळ घ्यायचा, आणि परत नेऊन घालायचा. कानामागे बोट फिरवून बघायचा, टोचत तर नाही ना. ताई डोकं डावीकडे उजवीकडे हलवून दाखवायची. काही दिवसांनी पुन्हा तेच. फ्रेम दर वेळी आणखी लहान करावी लागायची. तो फ्रेमकडे बघायचा. चष्म्याच्या मागे जी होती तिच्याकडे बघायचं त्याने टाळलं होतं, आणि ते ताईच्या नजरेतून सुटलं असेल असं मानायला तो काही मूर्ख नव्हता.

अशाच एका दुपारी चष्मा घालून झाल्यावर ताईने त्याचं मनगट धरलं.

"एक मागायचंय," ती म्हणाली.

"माग की."

"या वेळी दुकान बंद ठेव."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं टी टी टी ऐकू येत होतं.

"अगं, कोणीतरी लागतंच ना खाली. गिऱ्हाईक येतं..."

"गिऱ्हाईक एका दिवसात मरत नाही, धाकट्या. मी मरेन." ताई हे अगदी रोजच्या आवाजात म्हणाली. "मला समोर कोणीतरी बसलेलं हवंय. कोणीतरी म्हणजे तू. तुझी बायको बसेलच, ती गुणाची आहे. पण मला तू हवायस."

नाही म्हणायची सोय नव्हती आणि हो म्हणायची हिंमत नव्हती. मग धाकट्याने जे केलं त्याची त्याला पुढे फार लाज वाटली. त्याने अट घातली.

"बसतो. पण मग तू मला सांगायचं."

"काय सांगायचं?"

"काय दिसतं ते. तेव्हा. शेवटी शेवटी." तो तिच्या चादरीचं टोक सरळ करत होता. "पुढे काही आहे का. काही असलं तर दिसेलच ना तुला. मला तेवढं सांग."

मरणाऱ्या बहिणीकडे मागायची ही काही वस्तू नव्हे. ताई चष्म्यावरून त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडाचा एक कोपरा वर गेला.

"म्हणजे मी बसणार आरशासमोर, आणि नंबर तू काढणार?" ती हसली, आणि हसता हसता तिला खोकला आला. तो ओसरल्यावर म्हणाली, "ठरलं. पण एक आत्ताच सांगून ठेवते. मी अंदाजाने काही सांगणार नाही. दिसलं तर दिसलं म्हणेन, नाही तर नाही."

"चालेल," धाकटा म्हणाला. त्याला वाटलं होतं की ती काहीतरी चांगलंच सांगेल.

असं वाटण्याला कारण होते मास्तर. हे दुकानाचं जुनं गिऱ्हाईक, निवृत्त शिक्षक. पूर्वी त्यांचं हृदय शस्त्रक्रियेच्या टेबलावर बंद पडलं होतं आणि डॉक्टरांनी ते पुन्हा सुरू केलं होतं. मधल्या वेळात आपण जाऊन आलो, असं मास्तर सांगायचे. आधी प्रकाश, मऊ, डोळ्याला न खुपणारा. मग एक दार. दारात त्यांची आई उभी, पदराला हात पुसत. ती म्हणाली, "एवढ्यात कशाला आलास? अजून काही तयार नाही." आणि मास्तर परत आले. ही गोष्ट त्यांनी दुकानात इतक्यांदा सांगितली होती की बाकावरची माणसं घड्याळ बघायला लागायची. धाकटा मात्र काम टाकून ऐकायचा. मास्तरांच्या चष्म्याचा स्क्रू घट्ट असला तरी तो पुन्हा पिळत बसायचा, म्हणजे गोष्ट शेवटापर्यंत जाईल. "अजून काही तयार नाही" हे त्याला फार आवडायचं. म्हणजे तयारी चालू आहे. कोणीतरी आपल्यासाठी काहीतरी तयार करतंय.

एकदा मास्तर घरी गेल्यावर ताई सहज म्हणाली होती, "मास्तर तक्तासुद्धा असाच वाचतात." धाकटा तेव्हा तिच्याशी कित्येक दिवस नीट बोलला नव्हता.

तो दिवस उजाडला तो इतर दिवसांसारखाच. सकाळी नर्सबाई येऊन गेल्या. बायकोला जिन्यात घेऊन हळू आवाजात म्हणाल्या की आता फार वेळ नाही, संध्याकाळ व्हायच्या आत. बायकोने ते धाकट्याला सांगितलं. त्याने मान हलवली, खाली गेला, आणि सवयीने शटर वर केलं.

आपण काय करतोय हे त्याला शटर अर्धं वर गेल्यावर कळलं. कळूनही त्याने ते पुरतं वर नेलं. दिवे लावले. मशीनवरचं कापड काढून घडी केली. टेबलावर मास्तरांचा नवा चष्मा पडला होता, काचा बसवायच्या राहिल्या होत्या. त्या बसवल्या. पुसल्या. उजेडात धरून बघितल्या. पुन्हा पुसल्या. बधिरता जागच्या जागी होती. एवढा चष्मा झाला की वर जाऊ, असं तो स्वतःला सांगत होता, आणि टेबलावर पुढच्या कामाची फ्रेम काढून ठेवत होता.

"अहो," जिन्यावरून बायको म्हणाली. एवढंच. रागाने नाही, घाईने नाही. पुढचं वाक्यच आलं नाही, आणि त्यामुळे धाकट्याला 'आलोच' म्हणता येईना.

तेवढ्यात मास्तर दारात उभे राहिले. चष्मा न्यायला आले होते. धाकट्याचं तोंड बघून त्यांनी वर बोट केलं. "ताई?"

धाकट्याने होय म्हटलं.

"घाबरायचं काही कारण नाही बघा," मास्तर आत येत म्हणाले. "मी सांगतो ना, आधी एक प्रकाश येतो, मऊ..."

धाकट्याला ही संधी होती. स्क्रू पिळत बसायचं, गोष्ट शेवटापर्यंत ऐकायची, मग आणखी कोणी आलं असतं. पण ताईने कधीच मागितलं नव्हतं काही, एक हे सोडून. त्याने मास्तरांच्या हातात चष्मा दिला, पेटीसकट, त्यांना खांद्याला धरून हलकेच फुटपाथवर नेऊन उभं केलं आणि शटर ओढलं. मास्तर बाहेरून काहीतरी बोलत होते. ते काय, हे आत ऐकू आलं नाही.

वर ताई उशांना टेकून होती. डोळे मिटलेले. चष्मा पुन्हा घसरला होता. बायकोने खुर्ची पलंगाजवळ ओढून ठेवली, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि पाणी आणायला म्हणून बाहेर गेली. ती मुद्दाम गेली होती.

"शटरचा आवाज आला," ताई डोळे न उघडता म्हणाली. तिचा आवाज मशीनच्या खालच्या वेगासारखा झाला होता, तुटत तुटत येणारा. "उघडलंस की ओढलंस?"

"दोन्ही," धाकटा म्हणाला. "आता ओढलंय."

"बरं केलंस."

तो बसला. चष्मा वर सरकवला. या वेळी त्याला फ्रेमच्या मागे बघावं लागलं, कारण दुसरीकडे कुठे बघायला उरलंच नव्हतं. डोळे पार खोल गेले होते. ते आता उघडे होते पण त्याच्यावर टेकत नव्हते. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा धाकट्याच्या पोटात तो जुना गोळा उठला. बधिरता उतरत होती, आणि नेमकी आत्ताच उतरत होती. गुडघे आपोआप जिन्याकडे वळले होते. ताईचा हात त्याच्या हातात होता म्हणून तो उठला नाही.

बराच वेळ नुसता श्वास चालला होता. एक आत जायचा, मग बाहेर यायला विसरायचा, मग यायचा.

"विचार ना," ताई म्हणाली.

"काय?"

"ठरलं होतं ना आपलं. विचार."

आता त्याला विचारायची इच्छा नव्हती. तरी त्याने विचारलं, कारण ती वाट बघत होती. "काय दिसतंय, ताई?"

ताईने डोळे बारीक केले. समोरच्या भिंतीवर काही नव्हतं. एक खिळा होता, त्यावर पूर्वी घड्याळ असायचं.

"प्रकाश आहे," ताई म्हणाली. "मऊ. डोळ्याला खुपत नाही. दार आहे. दारात आई उभीय. पदराला हात पुसतेय."

जन्मभर ज्याच्यासाठी तो लोकांची तोंडं बघत हिंडला ते हेच होतं. ताई सांगतेय, जिने आयुष्यात कोणाला एक अक्षर अंदाजाने वाचू दिलं नाही, ती. आता या घडीपासून त्याला घाबरायचं कारण नव्हतं. मशीनवर काच धरावी आणि शांत असावं. नुसतं गप्प बसायचं होतं. ऐकून घ्यायचं आणि गप्प बसायचं.

"अजून काही तयार नाही म्हणते," ताई म्हणाली. "पण होतंय. तू घाबरू नकोस."

ती अडखळली नव्हती. मागे आली नव्हती. आता बोलताना तुटणारा तिचा आवाज या एवढ्या वाक्यांपुरता एका सुरात लागला होता. आडोशापलीकडे बसून सगळा जन्म धाकट्याने तो सूर ऐकला होता. तो ओळखायला त्याला नंबर काढता यायची गरज नव्हती.

ती त्याच्यासाठी पाठ म्हणत होती. ज्या बाईला दिसत नाही म्हणायची कधी लाज नव्हती ती खोटं बोलत होती, भावाला बरं वाटावं म्हणून. आणि तिला खरोखर काय दिसत होतं, काय वाटत होतं, ते तिच्याजवळच राहिलं होतं. तिथे ती एकटी होती. जशी दाजींच्या उशाशी होती तशीच. तो इतका जवळ बसलेला असून परत दुकानातच होता.

त्याला ते खोटं हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं. ते हातचं सोडताना त्याला रडूच आलं.

"ताई," तो म्हणाला, "दुसरा तक्ता."

ताईच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ओठाचा तोच कोपरा वर गेला, अगदी थोडा. मग तो खाली आला. पकडल्या गेलेल्या गिऱ्हाइकासारखी ती गप्प झाली.

"दिसत नाही रे," ती म्हणाली. "काहीच दिसत नाही. तूसुद्धा नीट दिसत नाहीस." मग श्वास आत गेला, थांबला, बाहेर आला. "मला भीती वाटतेय, धाकट्या."

ताईला भीती वाटते हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्या समजुतीप्रमाणे घरातली सगळी भीती त्याच्याच वाट्याला आली होती. त्याला खाली पळावंसं वाटलं, शटर उघडावंसं वाटलं. त्याने पुढे वाकून तिच्या कानावरची दांडी सरळ केली. एकदा चुकली, मग बसली. आणि त्याच्या तोंडून जे आलं ते त्याने ठरवून म्हटलेलं नव्हतं.

"नाही दिसलं तरी चालतं, ताई. म्हणून तर आपण बसलोय."

ताईने त्याची बोटं दाबली. फारसं बळ नव्हतं त्यात.

"बस मग," ती म्हणाली.

तो बसला. तिला भीती वाटत होती आणि त्यालाही वाटत होती. एकाच्या भीतीने दुसऱ्याची कमी झाली असं काही झालं नाही. पण कोणालाच ती लपवायची नव्हती, एवढं खरं. तो मधूनच म्हणायचा, "आहे मी." ती पापणी हलवायची. नंतर पापणीही हलेना, तरी तो म्हणत राहिला. बायको पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होती. तिने तो खाली ठेवला आणि पलंगाच्या पायाशी येऊन बसली.

श्वास आत गेला. बाहेर आला. मग नवरा-बायको दोघंही पुढच्या श्वासाची वाट बघत बसली, आणि तो आला नाही.

ताईच्या चष्म्यात खिडकी दिसत होती, लहानशी, दोन्ही काचांमध्ये एकेक. धाकट्याने चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने काचा पुसल्या, दांड्या मिटल्या आणि तो उशीजवळ ठेवला. बिनचष्म्याचा तो चेहरा त्याने लहानपणानंतर कधी नीट बघितलाच नव्हता. आता बघितला, पोटभर, आणि तो मोठ्याने रडला. बायकोने त्याला रडू दिलं.

खिशातला फोन वाजायला लागला. दुकानाच्या पाटीवर याच फोनचा नंबर लिहिलेला होता. वाजत राहिला तेव्हा धाकट्याने काढून कानाला लावला.

"दुकान उघडं आहे का हो?" पलीकडून कोणीतरी विचारलं. "शटर बंद दिसतंय."

"आज बंद आहे," धाकटा म्हणाला. ताईचा हात अजून त्याच्या हातात होता. "मी ताईपाशी बसलोय."